छत्रीबागेतल्या भिंतीवरची काच

इंदूरला जायचं मी एका फोनवर ठरवलं. तिथल्या मराठी मंडळींच्या व्याख्यानमालेत बोलायचं होतं, आणि विषय माझ्या जिव्हाळ्याचा: जुन्या शहराला रेल्वे का हवी. मोटारींनी आपले बाजार गिळले, पायी चालणाऱ्याला गटाराच्या कडेला ढकललं, म्हाताऱ्यांना घरात कोंडलं. यावर उपाय म्हणजे शहराच्या पोटातून जाणारी हलकी रेल्वे, हे मी वर्षानुवर्षं गावोगाव ओरडून सांगत आले आहे. इंदुरात तर काम सुरू झालेलं! मी धुळ्याहून निघाले.

जाणार असाल तर सकाळची बस घ्या. शिरपूरनंतर बिजासनचा घाट लागतो, सेंधव्याला बरा चहा मिळतो, आणि खलघाटला नर्मदा आली की अर्धी बस हात जोडते. पुढे मानपूरच्या घाटात ट्रकांमागे रांगावं लागतं, ते गृहीत धरा. दुपार कलताना मी इंदुरात उतरले. ई-रिक्षावाल्यानं छत्रीबागेच्या बऱ्याच अलीकडे रिक्षा थांबवली.

"आगे पतरे लगे हैं, मॅडम. पैदल निकल जाओ."

पत्रे म्हणजे रेल्वेच्या खोदकामाभोवतीची भिंतच. रस्त्याचा उरला होता एक बोळ, त्यात दोन माणसं आणि एक स्कूटर समोरासमोर आली की कुणीतरी मागे हटायचं. स्वच्छतेचा एवढा अभिमान असलेल्या या शहरात मिठाईवाला काउंटरची काच पुसत होता आणि ती पुसता पुसताच धुळीनं भरत होती. निम्मी शटर खाली होती.

माझा मावसभाऊ शरददादा या बोळाच्या टोकाला राहतो. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. त्याच्या वडिलांनी बांधलेलं साधं दुमजली विटांचं घर, आणि घरात तो नि वहिनी, दोघंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मला पोहे-जिलबी खायला घेऊन गेला. पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला, शेजारी गरम जिलबी. पन्नासच्या नोटेत दोघांचं भागलं. परतताना तो फोटोफ्रेमवाल्याकडे थांबला. माप द्यावं लागलं नाही.

"फिर टूट गई, सर?" फ्रेमवाल्यानं विचारलं आणि बोटभर रुंदीची लांबट काच कापून दिली.

"नाजूक माल देतोस भिया तू."

"माल तो ठीक है, सर," तो म्हणाला आणि काच कागदात गुंडाळू लागला.

"एवढ्याशा काचेत कुणाचा फोटो लावतोस?" मी विचारलं. दादा हसून पुढे चालू लागला.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मी जोरात बोलले. "धूळ दोन वर्षांची, शहर शंभर वर्षांचं!" असं म्हटल्यावर टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या दादानं सगळ्यांत जोरात वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पत्र्यांपलीकडे मशीन सुरू झालं आणि मांडणीवरची भांडी थरथरली. पाणी प्यायला म्हणून मी आत गेले. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीला छतापासून मांडणीच्या फळीपर्यंत भेग होती. त्या भेगेवर आडवी काचेची पट्टी, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे, आणि पट्टी मधोमध तुटलेली. दादा स्टुलावर उभा राहून ती खरवडून काढत होता. फ्रेमवाल्याकडची काच त्यानं तिच्या जागी बसवली आणि तुटलेल्या पट्टीवरची तारीख, मार्करनं, तशाच अक्षरात नव्या काचेवर उतरवली.

मी अशा पट्ट्यांबद्दल वाचलं होतं. भिंत सरकली की काच तुटते. खोदकामाजवळच्या घरांत साइटवाले त्यासाठीच ती लावतात आणि अधूनमधून येऊन बघतात.

"दादा, अरे भिंत सरकतेय!"

"मालूम आहे मला. विज्ञान कुणी शिकवलं?"

"मग हे काय करतोयस?"

"क्या है ना, तुटलेली काच दिसली की ते लोक घर खाली करवतात. शहराबाहेर कुठे तरी फ्लॅट देतील. तुझी वहिनी तिथे मरून जाईल. इथे आवाज दिला तर पाच घरं बाहेर येतात."

वहिनीनं गॅस बंद केला. "माझं नाव नका पुढे करू. मी तर रोज म्हणते, चला. या भिंतीपाशी मला झोप येत नाही."

"तू चूप बैस." मग माझ्याकडे वळून, शांतपणे: "काल तू बोललीस, मी ताली वाजवली ना? आता माझं घर मला सांभाळू दे."

मी चप्पल घातली आणि सरळ साइटवरच्या इंजिनिअरकडे गेले. तो लगेच आला. याआधी किती पट्ट्या तुटल्या, असं त्यानं विचारलं. वहिनीनं ओट्याखालून वर्तमानपत्राची पुडी काढून उघडली. आत काचांचा ढीग होता. इंजिनिअरनं त्या मोजल्या नाहीत.

"आज ही खाली करना पड़ेगा, सर. नई पट्टी लगा देते हैं, हर सोमवार आदमी देखेगा. खुदाई पूरी होने तक टिक गई, तो वापस आ जाना."

दादानं एकच मागितलं. "तुळशीला पाणी घालायला येईन. एक चाबी राहू द्या." त्यांनी राहू दिली. दादा माझ्याशी बोलला नाही. बसपर्यंत वहिनी आली. निघताना तिनं शेवेचं पाकीट माझ्या हातात कोंबलं.

धुळ्याला येऊन महिना झाला. माझं मत तसूभरही बदललेलं नाही. रेल्वे हवीच, आणि पत्र्यांना लागून राहणाऱ्या माणसाला शेजाऱ्यांसकट जवळच घर मिळायला हवं, हेही मी आता त्याच आवाजात सांगते. दोन वर्षांच्या धुळीचं ते वाक्य मात्र पुन्हा तोंडातून निघालेलं नाही. शहराबाहेरच्या फ्लॅटवरून वहिनीचा फोन येतो. झोप लागते, म्हणते, पण दिवसभर बोलायला लिफ्टवाल्याशिवाय कुणी नाही.

दादा रोज दोन बस बदलून तुळशीला पाणी घालायला जातो. तिथून मला फोटो पाठवतो, सोबत एक अक्षरही नाही. भिंत, भेग, भेगेवर तारीख लिहिलेली काच. काच दर वेळी अखंड असते. मी फोटो मोठा करून बघते. ती साइटवाल्यांनी लावलेली आहे की फ्रेमवाल्याकडची, ते फोटोत कळत नाही.