लायगन स्ट्रीटवर उभ्या उभ्या तीन कॉफ्या

लॉकडाऊन उठला, घरापासून पाच किलोमीटरची दोरी सुटली आणि पहिल्याच शनिवारी मी केतकीला म्हटलं, "चल, इटलीला जाऊ." खरी इटली बंद, म्हणून मेलबर्नमधली इटालियन कॅफेंची लायगन स्ट्रीट. आम्ही दोघं एकाच वर्षी इथल्या युनिव्हर्सिटीत आलो. मी कोर्स अर्धवट सोडून गोदामात शिफ्टला लागलो, ती मायनिंग इंजिनियर झाली. पुढच्या आठवड्यात ती कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत रुजू होणार होती. ती तिकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात, आणि तिथली बॉर्डर बंद. तिला कामासाठी खास परवाना मिळाला, मला कोण देणार? म्हणजे जे बोलायचं ते आजच.

प्लॅन सोपा होता. कोपऱ्यातलं टेबल, निवांत दोन तास, हळूहळू विषयाला हात.

आमच्या क्लेटनहून ट्रेन, शहरातून ट्राम, मग थोडं चालणं. मास्क विसरू नका. आणि सकाळीच पोचा, नाहीतर कोर्नेत्तो संपतात. खारीसारखे पापुद्रे, आकार चंद्रकोरीचा, पोटात कस्टर्ड.

कॅफेच्या आत मोजकीच माणसं सोडत होते. टेबलं उचलून भिंतीला लावलेली.

"बसायचं कुठे?" मी काउंटरमागच्या इटालियन आजींवर उखडलोच.

"बसायचं कशाला, डार्लिंग? कॉफी आहे, डिनर नाही."

केतकी मास्कच्या आत हसत होती. "इटलीत रोजची कॉफी अशीच पितात. काउंटरला टेकून, दोन घोट, की बाहेर."

"मग आपल्या टपरीने काय घोडं मारलंय?"

"टपरीवरून तू तासभर हलत नाहीस."

एस्प्रेसोचा कप भातुकलीतला. मी "केतकी, ऐक ना" म्हणेपर्यंत तिचा रिकामा. मागे रांग. आलो बाहेर.

"एवढ्या घाईत ही माणसं लग्नं कशी जमवतात?" मी तडकलो.

"परत येतात. ते टोपीवाले आजोबा बघ, मघाशी गेले ना? आले पुन्हा. दिवसातून चारदा तरी येत असतील."

मग काय, आम्हीही गल्लीला चक्कर मारून परत आत. दुसऱ्या कॉफीला मी कालगुर्लीतल्या धुळीवर बोललो. धुळीवर! पुन्हा चक्कर. तिसऱ्यांदा आजींनी न विचारताच दोन कप ठेवले.

"केतकी, तू मला आवडतेस. खूप आधीपासून."

तिने कोर्नेत्तोचं टोक कॉफीत बुडवलं, सावकाश खाल्लं. "भांडायला तुला एक सेकंद लागत नाही, आणि ह्याला तीन कॉफ्या?"

"उत्तर दे ना!"

"असं उभ्या उभ्या नाही देणार. बॉर्डर उघडली की ये."

ती कालगुर्लीला गेली. त्या दिवशी टेबल मिळालं असतं तर मी दोन तास धुळीवरच बोलत बसलो असतो, हे आता कळतंय. मनातलं बोलायचं असेल त्याने टेबल शोधू नये.

माझ्या रूममेटला, सुयशला मात्र काही पटत नाही.

"पण हो म्हणाली की नाही?"

"बॉर्डर उघडली की ये, म्हणाली."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ये म्हणाली, गाढवा!"