मामीचा ट्रक आणि मामांची झोप

आमची मामी ट्रक चालवायची. सौंसरच्या घरी दुपारची भांडी आटोपली, की पदर खोचून ती खुर्चीवर बसायची आणि संत्र्यांनी भरलेला ट्रक घाटातून खाली उतरवायची. स्टिअरिंग टेबलाला कसलेलं, रस्ता संगणकाच्या पडद्यावर, खेळातला. ती पांढुर्ण्याच्या संत्रा व्यापाऱ्याची लेक. लहानपणी बापाच्या ट्रकमध्ये बसून दिल्लीला जायचा हट्ट तिने धरला होता. भाऊ दिल्लीला गेले, हिला संत्र्यांच्या खोक्यांत तणसाचं गवत भरायला बसवलं. हा अन्याय मी माझ्या भाषणांत हमखास सांगत असे. तिच्यासमोर सुरू केलं, की ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "भाषण बाजूले ठेव बाबू, पुढे घाट आहे."

संगणक तिच्या मुलाचा. परदेशी जाताना तो आईकडे ठेवून गेला. आत तीन पंख्यांचं, विटेएवढं, भारीतलं ग्राफिक्स कार्ड होतं. चित्र असं, की रस्त्याकडेच्या बाभळीचं पान हललेलं दिसावं. पण घाट लागला की तिन्ही पंखे असे गरजायचे, की शेजारीण कुंपणावरून विचारायची, "कापसाची जिनिंग घरात आणली का वो?"

भिंतीपलीकडे मामांची खाट. मामा निवृत्त मुख्याध्यापक. हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्यांना दुपारची झोप सक्तीची केली होती. शाळेत निकाल वाचावा तसं त्यांनी एक दिवस जाहीर केलं, "या भिंतीला एक तर तो संगणकाचा डबा राहील, नाही तर माझी खाट." दिवाळीत मुलगा आला, की त्याने डबा विकून टाकायचा, असं ठरलं. मामीच्या ट्रकला तेवढीच मुदत होती.

मी तेव्हा पांढुर्ण्यात डीजेविरुद्ध पत्रकं वाटत होतो, आजही वाटतो. त्यामुळे मामांना वाटलं, भाचा आपल्याच बाजूचा. पण मी स्पष्ट बोलणारा माणूस. हेच मामा संध्याकाळी टीव्हीवर बातम्या अशा लावायचे, की शेजारच्या लोधीखेड्यालाही कळाव्यात. त्याला मात्र घरात कोणी आवाज म्हणत नसे. पुरुषाने केला तो समाचार आणि बाईने केला तो गोंगाट! हे मी मामांना तोंडावर सांगितलं. मामांनी शांतपणे रिमोट उचलला आणि टीव्ही आणखी वाढवला.

मामीला आमच्या वादात रस नव्हता. चित्र थोडं हलकं केलं तर पंखेही शांत होतील, असं मी सुचवलं, तर तिने मला वेड्यात काढलं. "पानं दिसले नाही त रस्ता कायचा? अन् मामाची झोप मोडली त मी तरी कोणासाठी परत येऊ दिल्लीहून?" दोन्ही हवं होतं तिला, आणि कशातही तडजोड मान्य नव्हती. मला आंदोलनात अशी माणसं क्वचितच भेटली.

आमचा मुलूख कापसाचा. थंडी असो, कण्हणं असो की कलकलाट, आमच्याकडे त्यावर एकच इलाज: पांघरूण. मामीने नव्या कापसाची जाड दुलई काढली आणि संगणकाला आपादमस्तक गुंडाळलं. आवाज दबला. मामा घोरू लागले. ट्रक घाटाच्या मध्यावर आला आणि पडदा काळा. दुलई उचलली तर डबा तव्यासारखा. तेवढ्यात मामा दारात. त्यांनी दुलईकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ताप उतरला का याचा?"

मामी रुसली. संध्याकाळी परसात संत्र्याच्या रिकाम्या खोक्यापाशी बसून होती. मग एकदम म्हणाली, "संत्रा गादीत गुंडाळून दिल्लीले धाडला त सडूनच पोचन ना रे. त्याले हवा पाह्यजे." ते फळ्याफळ्यांचं खोकं तिने उपडं घातलं, डबा भिंतीपासून ओढून त्यावर ठेवला, आतली रुईची धूळ ब्रशने झाडली. मग मुलाला फोन लावून बाकीचं एकेक शिकून घेतलं. पडदा दर सेकंदाला दाखवू शकतो त्याच्या दुप्पट चित्रं हे कार्ड बनवत होतं. "खाणारा एक, अन् हे वरातीच्या भाकरी थापून राहिलं," म्हणत तिने त्याला मर्यादा घातली. वीजही थोडी कमी पाजली. बाभळीच्या पानाला पत्ताही लागला नाही. पंखे मात्र तिने लवकर सुरू व्हायला आणि हळू फिरायला लावले. कार्ड तापल्यावर धावण्यापेक्षा आधीपासून चालत राहिलेलं बरं. "गिअर चढावर नसते टाकाचा, चढाच्या आधी टाकाचा असते," हे तिने मला असं ऐकवलं, जणू मीच आजवर चुकीचे गिअर टाकत आलो होतो.

आवाज मोजायचं तिचं यंत्र म्हणजे मामांचं घोरणं. पंख्यांच्या वर ते स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. बुडालं, की पंखे आणखी खाली. असं करत करत दिवाळी आली आणि मुलगाही आला. त्या दुपारी मामा झोपले आणि मामीने ट्रक काढला. मी आणि मुलगा तिच्या पाठीमागे उभे. मामा उठून आले, डोळे चोळत म्हणाले, "आज लावला नाहीस वाटतं. बघ, कशी गाढ झोप लागली." मामी वळणावर होती. "माल पोचला," एवढंच म्हणाली. डबा राहिला.

मामी गेल्या उन्हाळ्यात गेली. पावसाळ्यात मामांचा फोन आला. आढेवेढे घेत म्हणाले, "तुझं काम आहे. त्या मशीनचा आवाज वाढवून दे."

मी गेलो. मामांना ट्रक चालवता येत नाही. रोज दुपारी ते तो नुसता चालू करतात, घाटाच्या तोंडाशी उभा ठेवतात आणि पलीकडे जाऊन पडतात. भिंतीपलीकडे काहीच ऐकू येत नाही, ही त्यांची तक्रार. आयुष्यभर आवाज कमी करा म्हणून ओरडलेला मी, पंखे वाढवायला बसलो.

"थांब," मामा म्हणाले. "तिनं किती ठेवला होता?"

मी दाखवलं.

"मग राहू दे. खाट धर."

खाट दारातून निघेना. तिचे पाय काढले, आडवी केली, या खोलीत आणली आणि खोक्याच्या शेजारी त्याच भिंतीला लावली. मामा आडवे झाले. हात मागे नेऊन त्यांनी डब्यातून येणाऱ्या कोमट हवेत तळवा धरला आणि थोड्या वेळाने घोरू लागले.

पंख्यांच्या वर ते स्पष्ट ऐकू येत होतं. सेटिंग बरोबर होतं.