डोमाजी सोनं द्यायला निघाला

रोहण्याचा डोमाजी म्हणजे भलताच वल्ली माणूस. कापसाची शेती, गडगडाटी आवाज आणि राग नाकावर. गावात लग्न असो की भांडण, डोमाजीशिवाय रंगायचंच नाही. पण गेलं वर्षभर गडी गप्प गप्प! का, तर किराणा दुकानवाल्या अण्णाजीशी, आपल्या लंगोटीयाराशी, अबोला.

अन् कशावरून म्हणाल, तर कपाळावर हात माराल. मागच्या दसऱ्याला दोघं आपट्याची पानं घेऊन पारावर भेटले. लहानानं मोठ्याला सोनं द्यायचं, पाया पडायचं, ही रीत. अण्णाजीनं गमतीत पाय पुढे केले, "पड पाया, मी मोठा." झालं! डोमाजी उसळला, "तू काऊन मोठा? मी मोठा!" दोघंही जन्मले एकाच पावसाळ्यात, दोघांच्याही आया देवाघरी. निवाडा करणार कोण? सोनं खिशात कोंबून दोघं दोन दिशांना चालते झाले.

यंदा शिलंगणाहून परतलेला डोमाजी अंगणात नुसता येरझारा घालत होता. त्याची बायको अनुसयाबाई करवादली, "मनातलं वैर शिवेपल्याड टाकून याचं, म्हणून शीव ओलांडतेत. तुमी काय नुसते हवा खाऊन आले?"

वर्मी बसलं. "जातो, च्यामारी! मी लहान तं लहान." अन् कुणी पाहू नये म्हणून मागच्या बोळीतून त्यानं अण्णाजीचं घर गाठलं. दारात अण्णाजीची बायको कोकिळा.

"वहिनी, अण्णा कुठी हाय? पाया पडाले आलो त्याच्या."

कोकिळा तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसायलाच लागली. "अवो भाऊजी, ते तं मोठ्या रस्त्यानं तुमच्याच घरी गेले. म्हणे, मी लहान, मीच जातो!"

तेवढ्यात डोमाजीच्या खिशातला मोबाइल वाजला. फोन अनुसयाबाईचा, आवाज अण्णाजीचा.

"डोम्या, पाय घेऊन लवकर घरी ये बे! मले पडाचं हाय."

"तूच ये! लहान मी आहो."

"तू काऊन लहान? लहान मी!"

"अबे, मी म्हणतो ना, लहान मी!"

दोघांचे आवाज असे चढले की शेजारपाजारचे धावत आले. इकडे कोकिळा, तिकडे अनुसयाबाई, हसून हसून बेजार. आणि भांडता भांडता डोमाजीनं तिथंच दारात बसकण मारली.

"अण्ण्या," तो म्हणाला, "वर्षभर कोणाशी धड भांडलोच नाई रे!"