छठची चूल

गोदाघाटावर छठपूजेसाठी मातीच्या चुली विकायला आल्यात. एका चुलीवर बोटांचे ठसे दिसले आणि अंबडमधल्या आमच्या जुन्या बिल्डिंगचा जिना आठवला.

तिथे शारदा आंटी आणि जुबैदा आंटी राहायच्या, दोघी बिहारमधल्या एकाच गावच्या. शारदा आंटींच्या छठची चूल दरवर्षी जुबैदा आंटी करायच्या. त्यांच्या गावाकडे तशी रीतच होती. चूल वाळेपर्यंत जुबैदा आंटींच्या घरात मासे शिजायचे नाहीत.

मी लहान असताना एका वर्षी जुबैदा आंटी चूल घेऊन वर आल्या, तेव्हा शारदा आंटींकडे पूजा समितीची माणसं बसली होती. शारदा आंटी दार अडवून उभ्या राहिल्या.

“इस बार रहने दीजिए. ईंट का चूल्हा बना लिया है.”

“क्यों, मेरी मिट्टी में क्या खराबी आ गई?”

“बस, रहने दीजिए.”

जुबैदा आंटींनी ओढणीने चूल झाकली आणि त्या सावकाश जिना उतरल्या.

एरवी दोघी एकमेकींशी भोजपुरीत बोलायच्या, मला त्यातलं अवाक्षर कळायचं नाही. त्या दिवशी सगळं कळलं, म्हणून मी खूश झाले होते. आमच्यासारख्या बाहेरच्यांशी बोलायची ती हिंदी शारदा आंटी त्या दिवशी जुबैदा आंटींशी बोलल्या होत्या, हे आता लक्षात येतं.