बांबूच्या खाचेतला एक्का

इशारा कळला की भाऊ आधी डोळे मिटत. बराच वेळ मिटूनच ठेवत. मग मान हलवून म्हणत, "हव."

देवरीत माझ्या शेजारी राहणारे हे भाऊ एसटीत कंडक्टर होते. अख्ख्या बसला बोलतं करणारा माणूस. लकवा झाला, उजवा हात गेला आणि तोंडात 'हो' म्हणायचा एवढा एकच शब्द उरला. पाणी पाहिजे तरी हव, नको तरी हव. वहिनींचा अंदाज चुकला की पेला भिरकावत. भेटायला येणारे त्यांच्याशी लहान पोराशी बोलावं तसं बोलत, मग त्यांच्यादेखतच वहिनींकडे त्यांची चौकशी करत.

मुलीनं पुण्याहून पत्त्यांचा एक खेळ आणून दिला. त्यात कुणी कुणाला हरवत नाही. सगळ्यांनी मिळून प्रत्येक रंगाची पानं एक्क्यापासून ओळीनं लावायची. पण आपली पानं आपण बघायची नाहीत, दुसऱ्यांकडे तोंड करून धरायची. दुसऱ्यानं इशारा म्हणून फक्त रंग सांगायचा, नाहीतर आकडा. पुढे अवाक्षर नाही. भाऊंची पानं उभी राहावीत म्हणून मी बांबूला खाच पाडून दिली. आकडा ते बोटांनी दाखवत, रंगासाठी खेळाच्या डब्यावरच्या रंगीत ठिपक्याला हात लावत. शाळेतून दमून आलेला मी, दिवसभराच्या उठबशीनं पिचलेल्या वहिनी आणि भाऊ. या खेळात तिघंही सारखेच मुके.

एकदा वहिनींनी माझ्या पानाला बोट लावून 'दोन' सांगितलं. मी चक्रावलो. टेबलावर एकही एक्का नव्हता, दुर्री लावू कशावर? माझ्याआधी भाऊंची बारी होती. त्यांनी डोळे मिटले. मी चुळबुळ करायला लागलो.

"घाई नका करू गुरुजी," वहिनी म्हणाल्या. "याईले वेळ लागते."

बायकोनं आपल्याला ओलांडून पुढच्याला दुर्री सांगितली, म्हणजे दुर्रीआधीचा एक्का आपल्याकडेच असणार. भाऊंनी एवढं सगळं मनात जुळवलं. अशा वेळी शेवटी आलेलं पान टाकायचं, हे आमचं ठरलेलं. खाचेच्या टोकाचं पान त्यांनी डाव्या हातानं उचललं आणि टेबलावर ठेवलं. तांबडा एक्का. मला तो समोर दिसत होता, तरी सुचलं नव्हतं.

"हव."

वहिनी हसल्या. "रोज मीच याईच्या मनातलं हुडकून राहिली," त्या म्हणाल्या. "आज याईनं माह्या मनातलं हुडकलं." मग चहा ठेवायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर कितीही थकलो तरी मी खेळायला जात असे. खरं सांगतो, तेवढ्या वेळापुरते भाऊ मला पुन्हा पूर्ण भेटत.

उन्हाळ्यात भाऊ गेले.

धान कापणीच्या सुमारास वहिनींनी मला परत बोलावलं. हाताच्या सवयीनं त्यांनी तीन वाटे केले. भाऊंची पानं त्यांनी बांबूच्या खाचेत लावली, माझ्या पानाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "दोन."

खाचेच्या टोकाला पिवळा एक्का उभा होता. आम्हा दोघांनाही दिसत होता. भाऊंची बारी सोडून मी माझ्या पानाकडे हात नेला.

"घाई नका करू गुरुजी," रिकाम्या खुर्चीकडे बघत वहिनी म्हणाल्या. "याईले वेळ लागते."