दोन्ही बाह्या डाव्या

कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे धांदल म्हणत. चौदा वर्षं कटिंगच्या टेबलावर होती. कैची अशी चालवायची की बघणाऱ्यानं बघत राहावं. पण अधूनमधून घोळ व्हायचाच. एक बाही कापली की मापाचा पुठ्ठा उलटायचा आणि दुसरी कापायची, इतकं साधं काम. ही उलटायचंच विसरायची. दोन्ही बाह्या डाव्या! मग मास्तर आख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा फैलावर घ्यायचा.

लेकीचं अभ्यासात लक्ष नाही म्हणून वर्गबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. डॉक्टरीणबाई लेकीबद्दल विचारत होत्या आणि ही प्रत्येक प्रश्नाला स्वतःसाठी मान डोलवत होती. बाईंच्या ते नजरेतून सुटलं नाही. तीन भेटींनंतर त्यांनी सांगितलं, "तुम्हालाही एडीएचडी आहे. आळशी नाही आहात तुम्ही. लक्ष धरून ठेवायची मेंदूची घडण जन्मापासून वेगळी आहे."

जिन्यात बसून ती रडली, ती रागानं. बेचाळीस वर्षं 'डोकं कुठे ठेवून आलीस' ऐकलं होतं, पहिल्यांदा सख्ख्या आईकडून.

गोळी सुरू झाली. पुठ्ठ्याची एक बाजू तिनं लाल खडूनं रंगवली: एक बाही लाल वर ठेवून, एक लाल खाली ठेवून. मग मास्तरांकडे गेली, निदान, गोळी सगळं सांगितलं.

"कापताना मला हाक मारू नका. काम चिठ्ठीवर लिहून द्या. एवढंच."

"राणीसरकारांना पडदाही लावू का? अगं, विसरतात सगळेच. मी चष्मा विसरत नाही?"

"विसरता की. आणि शोधायला मलाच पळवता."

शिलाईवाल्या खुसखुसल्या. मास्तरचा चेहरा पडला. "पंधरा दिवस. एक बाही चुकली तर टेबल गेलं, तू काज-बटणाला."

बारा दिवस एक बाही चुकली नाही. तेराव्या दिवशी महागाच्या कोटाचं कापड पुढ्यात होतं. पहिली बाही लाल वर ठेवून कापून झाली आणि मास्तर ओरडला, "धांदल! गणवेशांची मापं कुठेत?" तिनं पुठ्ठा ठेवला, मापं शोधून दिली, परत आली, पुठ्ठा उचलला. लाल वर होतं. तसंच कापलं. पुन्हा दोन्ही डाव्या.

"बघा! गोळ्या खाऊनही तेच," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"हाक कोणी मारली?"

"मग काय, मुक्यानं धंदा करू?"

त्या दिवशी हसणाऱ्या बायकांनी माना मशिनीत घातल्या.

डॉक्टरीणबाईंकडे शनिवारी एडीएचडी असलेली मोठ्या वयाची माणसं जमतात. तिथे तिनं सांगितलं, "टेबल गेलं. बटणं लावते आता."

समोरचा पोस्टमन म्हणाला, "माझी पत्रं वाटायची गल्ली काढून घेतली. शिक्के मारतो."

"जमतात?"

"शिक्के? माकडालाही जमतील."

दोघं हसत सुटली. इतकी, की डॉक्टरीणबाईंनी उठून दार लोटून घेतलं.