दाढीवाला किती साच्यांचा?

गिरण्यांचा संप सुरू होऊन सातआठ महिने झाले असतील. बोटीवर खलाशी असलेल्या मामानं जपानच्या बंदरातून चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. पानोपानी हाणामारी. अक्षर एक कळत नव्हतं, पण मला आणि दादाला त्याचं काय! लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत आम्ही पुस्तकावरून जेवढे भांडलो, तेवढे पुढे खोलीच्या वाटणीवरूनही भांडलो नाही.

त्यातल्या लढवय्यांची ताकद आम्ही साच्यांत मोजायचो. साचा म्हणजे गिरणीतला माग. बाबा एकटे चार साचे चालवायचे, म्हणून बाबांना चार. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं यादीच केली होती. वेणीवाला सहा, बाबा चार, टकल्या तीन.

वाद होता तो दाढीवाल्याचा. दादा म्हणायचा, "वेणीवाला लोळवतो गं त्याला." मी म्हणायचे, "पण उठतो कोण? त्याला दहा दे." कारण पुस्तक उघडलं की दाढीवाला पुलावर रक्तबंबाळ पडलेला, आणि शेवटच्या पानावर घरी मुलीबरोबर भात खात बसलेला. मी बारा वर्षांची होते. मार खाऊन उठणारा माणूस मला हवाच होता.

बाबा तेव्हा दिवसभर भिंतीला टेकून असायचे. आई पहाटेपासून लोकांचे डबे करायची. एका दुपारी मी पुस्तक बाबांपुढे धरलं आणि निकाल मागितला. त्यांनी सावकाश पानं चाळली.

"असं होत नाय गो बाय," ते म्हणाले. "एवढा फुटलेला माणूस, आणि मग अंगावर एक वण नाय? जखमा अशा भरतात काय?"

माझं डोकंच फिरलं. "तो उठला तरी!" मी ओरडले. "तुम्ही नुसते बसून असता. आई एकटी मरते." कपाट उघडून मी बाबांच्या नावापुढचा चार खोडला आणि शून्य लिहिलं.

बाबांचा सदरा त्याच कपाटात असायचा. रोज दार उघडायचे, सदरा काढायचे, दार लावायचे. शून्य त्यांनी पुसलं नाही. मीही नाही. गिरणी त्यांना परत मिळाली नाही. दादरच्या एका दुकानाबाहेर वॉचमनच्या खुर्चीवर ते म्हातारे झाले, आणि गेले तेव्हा मी भायखळ्याला सासरी होते. माफी मागायची राहूनच गेली.

गेल्या वर्षी पुस्तक ट्रंकेत सापडलं. माझी लेक असलंच काहीबाही मोबाइलवर वाचते आणि कोण कोणाला हरवेल यावर मैत्रिणींशी वाद घालते. ती हसतच सुटली. "अगं आई, जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात, हे आपल्या शेवटाकडून सुरू होतं. तुम्ही उलटं वाचलंत!"

मग तिनं मला ते सुलटं दाखवलं. आधी दाढीवाला मुलीबरोबर भात खातो. मग पानागणिक एकेक जखम वाढत जाते. शेवटी तो पुलावर पडतो. पुढे पानच नाही.

"पण हा भारी होता हां," लेक म्हणाली. "बघ ना, किती वेळ उभा राहिला."

मला तिच्यासमोर रडू आवरेना. ज्याच्याकडे बोट दाखवून मी बाबांना शून्य दिलं, तो कधी उठलाच नव्हता. बाबांना ते नुसत्या जखमा बघून कळलं होतं. चाळ पाडताना ते कपाट भंगारात दिलं, तेव्हा दाराच्या आत शून्य तसंच होतं, माझ्या बारा वर्षांच्या अक्षरात.